जपानचे 84, आपले 70 आणि चोपड्याचे आजोबा 91: तुलना नेमकी कशाची करायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की जपानचं सरासरी आयुर्मान 84 आणि भारताचं 70, पण तुमचे आजोबा चोपडा तालुक्यात 91 व्या वर्षीही सकाळी शेतावर चक्कर मारून येतात, मग 70 हा आकडा खरा मानायचा कसा? शिवाय जपानात दर हजारी मृत्यू आपल्यापेक्षा जास्त दिसतात, कॅन्सरचे मृत्यूही जास्त दिसतात. मग निरोगी देश कोणता, आणि दोन देशांचं आरोग्य शेजारी शेजारी ठेवून बघायचं तरी कसं?

यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. माणसं किती जगतात, हा एक. कशानं आजारी पडतात आणि कशानं जातात, हा दुसरा. ही मोजणी केली कुणी आणि कशी, हा तिसरा. तुम्ही पहिले दोन विचारलेत. माझ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त छळलं ते तिसऱ्यानं, म्हणून त्यावर जरा लांबण लागेल. मी 23 वर्षं नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत सरकारी आरोग्यसेवेत होते. पहिली सात वर्षं अक्राणीच्या डोंगरात प्राथमिक आरोग्य केंद्रावर, मग तालुक्याला, आणि शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी मृत्यूच्या कारणांचे कागद तपासायच्या कामावर. त्यामुळे लिहिते ते त्याच चष्म्यातून.

आधी आजोबांचं. आयुर्मान 70 म्हणजे माणसं सत्तरीला जातात, असं नाही. त्यामागचा हिशेब असा असतो: एका ठराविक काळात प्रत्येक वयात मृत्यूचं प्रमाण किती होतं ते घ्यायचं. मग एक लाख बाळं आज जन्मली असं धरायचं आणि त्यांना आयुष्यभर याच प्रमाणांतून चालवायचं. ती सगळी मिळून जितकी वर्षं जगतील त्याला एक लाखाने भागायचं. आलेला आकडा म्हणजे जन्मवेळचं आयुर्मान. ते कुणाचं भविष्य सांगत नाही, त्या काळातली परिस्थिती सांगतं. अमेरिकेत 1917 मध्ये ते 51 च्या आसपास होतं, 1918 च्या फ्लूच्या साथीत एका वर्षात 39 वर आलं आणि साथ ओसरल्यावर पुन्हा वर गेलं. माणसांचा पिंड एका वर्षात बदलला नव्हता. त्या वर्षाचं मरण मोठं होतं.

या सरासरीला सगळ्यात जोराने खाली ओढतात ती लहान मुलं. चार दिवसांचं बाळ गेलं तर हिशेबातून सत्तर-ऐंशी वर्षं एकदम जातात. साठीचा माणूस गेला तर पंधरा-वीस. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं आयुर्मान 32 च्या घरात होतं असं वाचून लोक म्हणतात, तेव्हा तिशीतच म्हातारपण यायचं. तसं काही नव्हतं. तेव्हाही गावात नव्वदीची माणसं होती, पण त्यांच्याबरोबर जन्मलेली कितीतरी भावंडं पाळण्यातच गेली होती. 1971 मध्ये देशात हजार जन्मांमागे 129 बाळं वर्षाच्या आत जात. 2020 मध्ये तो आकडा 28 वर आला. आपलं आयुर्मान वाढलं त्यात फार मोठा वाटा या वाचलेल्या बाळांचा आहे. तुमच्या आजोबांना किती भावंडं होती आणि त्यातली किती मोठी झाली, हे एकदा त्यांना विचारा. 70 चा अर्थ तिथेच कळेल. आणि म्हाताऱ्या माणसांच्या आरोग्याची तुलना करायची असेल तर जन्मवेळचं आयुर्मान घेऊच नका, 60 व्या वर्षी उरलेलं आयुर्मान घ्या. बहुतेक तक्त्यांत ते वेगळं दिलेलं असतं.

आता हजारी मृत्यू. जपानात दर हजारी 12-13, भारतात 2020 मध्ये 6. आकडे बरोबर आहेत, पण त्यातून काढलेला अर्थ चुकतो. जपानात 65 वर्षांवरची माणसं 29 टक्क्यांच्या आसपास आहेत, आपल्याकडे 7 टक्क्यांच्या आसपास. म्हाताऱ्या माणसांच्या घरात मयती जास्त होणारच.

नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना मी हे असं समजावायची. आकडे फक्त हिशेबासाठी धरलेले आहेत. सातपुड्यातले काही पाडे मिळून 10,000 माणसं. त्यात साठीच्या आतले 9,500 आणि वरचे 500. आतल्यांत हजारी 6 मृत्यू, वरच्यांत हजारी 60. म्हणजे 57 आणि 30, एकूण 87. दुसरीकडे भुसावळसारख्या गावातली निवृत्त लोकांची वस्ती, तीही 10,000 ची. साठीच्या आतले 7,500, वरचे 2,500. आतल्यांत हजारी 2, वरच्यांत हजारी 40. म्हणजे 15 आणि 100, एकूण 115. वस्तीत दोन्ही वयांत मरण कमी आहे, तरी एकूण मयती जास्त! आता दोन्हीकडे 8,500 तरुण आणि 1,500 म्हातारे आहेत असं धरून तेच दर लावा. पाड्यांवर 51 आणि 90, म्हणजे 141. वस्तीत 17 आणि 60, म्हणजे 77. चित्र पालटलं. याला वय-प्रमाणित दर म्हणतात. दोन देशांची, दोन जिल्ह्यांची किंवा एकाच गावाच्या दोन पिढ्यांची तुलना करताना तक्त्यावर ‘वय-प्रमाणित’ हा शब्द दिसला नाही तर तो तक्ता बाजूला ठेवा.

कॅन्सरचंही बरंचसं इथेच सुटतं. कॅन्सर मुख्यतः उतारवयाचा आजार. तो आकड्यांत दिसायला माणूस त्या वयापर्यंत पोचावा लागतो आणि पोचल्यावर तपासणारं कुणी असावं लागतं. ‘म्हातारी खंगत गेली’ असं सांगितलेल्या किती मयतींमागे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता, ते कधीच कळत नाही. त्यामुळे एखाद्या देशात एखादा आजार कमी दिसला तर मी आधी विचारते, खरंच कमी आहे की तो ओळखणारं कुणी नाही?

पण नुसते मृत्यू मोजून आरोग्य कळत नाही. शहाद्याकडे सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, एक मुलगी माझ्याकडे यायची. हाडं दुखायला लागली की आठ-आठ दिवस शाळा बुडायची, दहावीच्या वर्षी तर ती निम्म्याहून जास्त दिवस घरीच होती. ती जिवंत आहे, मृत्यूच्या कुठल्याच तक्त्यात ती नाही. मग तिचं दुखणं मोजायचं कुठे? यासाठी ख्रिस्तोफर मरे आणि अ‍ॅलन लोपेझ यांनी जागतिक रोगभाराच्या अभ्यासात एक माप मांडलं. 1993 च्या जागतिक बँकेच्या अहवालातून ते सगळीकडे पोचलं. आम्ही त्याला ‘डॅली’ म्हणतो. अकाली मृत्यूने गेलेली वर्षं आणि आजारपणात काढलेली वर्षं यांची ती बेरीज. आजारपणाच्या वर्षांना दुखण्याच्या तीव्रतेप्रमाणे वजन दिलेलं असतं. एक डॅली म्हणजे निरोगी आयुष्याचं एक वर्ष गेलं. या मापामुळेच नैराश्य, कंबरदुखी असे फारसा जीव न घेणारे पण माणसाला झिजवणारे आजार पहिल्यांदा मोठे दिसले. दुखण्याला किती वजन द्यायचं हे शेवटी माणसांनीच ठरवलेलं असतं, त्यावर वाद आहेत आणि ते रास्त आहेत. मला तरी हे माप नसण्यापेक्षा असलेलं बरं वाटतं, कारण शहाद्याची ती मुलगी निदान एका रकान्यात तरी येते.

राज्यनिहाय रोगभाराचा जो अभ्यास 2017 मध्ये आला, त्यात देशाच्या एकूण रोगभारात असंसर्गजन्य आजारांचा वाटा 1990 मध्ये 30 टक्के होता, तो 2016 मध्ये 55 टक्के झाला. संसर्ग, बाळंतपण आणि कुपोषण यांचा वाटा 61 वरून 33 वर आला. खान्देशात याचे दोन्ही टप्पे एकाच दिवशी बघायला मिळतात. सकाळी मोलगीच्या बाजूला कुपोषित बाळाच्या दंडाला पट्टी लावून मोजमाप घ्यायचं आणि संध्याकाळी शहरात चाळिशीतल्या दुकानदाराचं शुगर-बीपी बघायचं. एक संकट गेल्यावर दुसरं येतं असं पुस्तकात असतं. आपल्याकडे पहिलं गेलेलं नसताना दुसरं घरात येऊन बसलंय.

निरोगी आयुर्मान म्हणून आणखी एक आकडा असतो, तोही बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या आकड्यांत जपानचं आयुर्मान 84.3 आणि निरोगी आयुर्मान 74.1. भारताचं 70.8 आणि 60.3. दोन्हीकडे फरक साधारण दहा वर्षांचाच! म्हणजे जपानी माणूस जास्तीची चौदा वर्षं अंथरुणावर काढतो, असं मुळीच नाही. ती वर्षं बव्हंशी धडधाकट आहेत. (ही दहा वर्षं सगळी शेवटी येतात असं मात्र समजू नका. आयुष्यभराच्या लहानमोठ्या आजारांची ती गोळाबेरीज आहे.)

आता तिसरा प्रश्न, ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले.

जिल्ह्याला असताना शिरपूर तालुक्यातल्या एका गावचा कागद आला. पुरुष, वय 34, शेतमजूर, मृत्यूचं कारण ‘पोटदुखी’. असे कागद रोज यायचे, पण चौतिशीतला धट्टाकट्टा माणूस पोटदुखीने एका रात्रीत जातो, हे मनाला पटेना. मी आणि तिथली आशाताई त्याच्या घरी गेलो. आई ओट्यावर कापसाच्या ढिगाजवळ बसली होती. घाई न करता शेवटच्या रात्रीचं एकेक विचारत गेलो. कुठे झोपला होता? खालीच, जमिनीवर, पावसाळा होता. जेवला का? जेवला, चांगला जेवला. मग ती अहिराणीत म्हणाली, “रातले पोट दुखाले लागनं, सकायले डोया उघडेतच नहीत.” डोळे मिटले होते की पापण्या वर जात नव्हत्या? तिने स्वतःची पापणी बोटाने खाली ओढून दाखवली. बोलता येत होतं का? जीभ जड झाली होती, पाणी गिळता येत नव्हतं. नंतर श्वास लागला आणि संपलं.

ही मण्यारीची लक्षणं आहेत. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याचं बऱ्याचदा जाणवतही नाही, सूज नाही, खूण नाही. पोट दुखतं, पापण्या उतरतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. वेळेत प्रतिविष आणि कृत्रिम श्वास मिळाला असता तर तो वाचण्याची चांगली शक्यता होती. कागदावर पोटदुखी लिहिल्यामुळे सर्पदंशाच्या आकड्यात तो कधीच आला नाही. शेतकरी कुटुंबाला सर्पदंशाच्या मृत्यूसाठी मिळणारी सरकारी मदतही त्या घराला मिळाली नाही, कारण कागद, शवविच्छेदन काहीच नव्हतं. आईने मला विचारलं, आता ते कागदावर बदलता येईल का? मी प्रयत्न केला. झालं नाही. त्याची टोचणी अजून आहे.

घरच्यांशी असं बोलून कारण शोधण्याला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात. देशभर हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरून 2001 पासून दहा लाख मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला गेला. त्यातून 2005 साली देशात सर्पदंशाने सुमारे 46,000 माणसं गेली असा अंदाज निघाला. दवाखान्यांच्या नोंदीत तेव्हा वर्षाला एक-दोन हजारच दिसत होती. एवढी तफावत! सर्पदंशाच्या आकड्यांवर जगात देशांची क्रमवारी लावणाऱ्याने आधीच्या नोंदी घेतल्या असत्या, तर भारत या बाबतीत ठीकठाक आहे असंच त्याने लिहिलं असतं.

जपानात जवळजवळ प्रत्येक मृत्यूला डॉक्टरने लिहिलेलं कारण असतं. आपल्याकडे 2020 मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले 22.5 टक्के होते. त्यातही ‘हृदयक्रिया बंद पडल्यामुळे’ असं लिहिलेले कागद मी शेकड्याने परत पाठवलेत. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं, ते कशामुळे पडलं हे लिहायचं असतं. शिवाय मृत्यूची नोंद होते ती मृत्यू घडला त्या ठिकाणी. अक्राणी-अक्कलकुव्यातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथे फडावर बाळ गेलं तर इथल्या नोंदवहीत ते येत नाही, आणि तिथे परक्या मुलखात 21 दिवसांच्या आत नोंद करायला जाणार कोण? ते बाळ जन्मलं होतं हेही कुठे लिहिलेलं नसतं.

मग आपला 70 चा आकडा खोटा का? नाही. तो ग्रामपंचायतीच्या वहीतून येतच नाही. 1969-70 पासून नमुना नोंदणी पद्धत चालते. देशभरातली निवडक गावं आणि वॉर्ड, 80 लाखांहून जास्त लोकसंख्या. तिथे एक जण वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो, दर सहा महिन्यांनी दुसरा स्वतंत्रपणे घरोघर जाऊन विचारतो आणि मग दोन्ही याद्या जुळवतात. एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला सापडतं. ही पद्धत मला मनापासून भरवशाची वाटते. तिच्या दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. आयुर्मानाचे तक्ते पाच वर्षांच्या सरासरीचे असतात, त्यामुळे कोविडसारखा खड्डा त्यात पसरट दिसतो. कोविडच्या दोन वर्षांत भारतात एरवीपेक्षा 47 लाख जादा मृत्यू झाले असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये दिला. कोविडच्या मृत्यूंची सरकारी नोंद तेव्हा पाच लाखांच्या आसपास होती आणि सरकारने तो अंदाज नाकारला. मोजणीच्या पद्धतीवर केवढं अवलंबून असतं, ते यात दिसतं. दुसरी मर्यादा म्हणजे ही पद्धत राज्याचे आकडे देते, जिल्ह्याचे देत नाही.

या दुसऱ्या मर्यादेमुळे आमच्या भागाचं मोठं नुकसान होतं. 2020 मध्ये हजार जन्मांमागे बालमृत्यू केरळात 6, महाराष्ट्रात 16, मध्य प्रदेशात 43. सातपुड्याच्या अलीकडे पावरा राहतात, पलीकडे सेंधवा-बडवानीकडे त्याच समाजाला बारेला म्हणतात. बोली तीच, सोयरिकी तिकडच्या इकडे होतात. डोंगराच्या या उतारावर 16 आणि त्या उतारावर 43, असं असेल का? इकडचा 16 पुण्या-मुंबईच्या सरासरीतून आलाय. अक्राणीतल्या धडगावच्या पाड्यावर उभं राहून मी तो आकडा कधी आपला मानला नाही. देशांच्या तुलनेतही हेच होतं. ‘भारत 70’ म्हणताना केरळ आणि छत्तीसगड एकाच पिशवीत घातलेले असतात.

पैसा ओतला की आरोग्य येतं, असंही नाही. अमेरिका आपल्या उत्पन्नाच्या 17 टक्क्यांच्या आसपास आरोग्यावर खर्च करते. तिथलं आयुर्मान 2019 मध्ये 78.8 होतं, 2021 मध्ये 76.4 वर आलं. कारण कोविड, आणि त्याच्या जोडीला अमली औषधांच्या अतिसेवनाचे वर्षाला लाखावर मृत्यू, तेही बरेचसे ऐन तारुण्यातले. श्रीलंकेचं उत्पन्न त्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण आयुर्मान 76 च्या पुढेमागे आहे. मुलींचं शिक्षण, घराजवळ फुकट मिळणारी सेवा आणि प्रशिक्षित हातांनी होणारी बाळंतपणं यांचं हे फळ आहे. 2016 मध्ये त्यांनी देश हिवतापमुक्त झाल्याचं प्रमाणपत्रही मिळवलं. आपल्याला शिकायचंच असेल तर जपानपेक्षा मी कोलंबोकडे बघेन.

तुमच्या तक्त्यासाठी, थोडक्यात: दोन्ही देशांचे आकडे एकाच संस्थेचे आणि एकाच वर्षाचे घ्या. जपानचा त्यांच्या सरकारचा आणि भारताचा आपल्या सरकारचा, असं करू नका. बायका-पुरुष वेगळे ठेवा. जन्मवेळचं आणि साठीचं, दोन्ही आयुर्मानं मांडा. आजारांसाठी वय-प्रमाणित दर. आणि आकड्याशेजारी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशी मर्यादा दिलेली असते, ती गाळू नका. ती रुंद असेल तर तिथे मोजणी कमी आणि अंदाज जास्त आहे असं समजा. कुठल्या एका आकड्यावर सगळ्यात जास्त विसंबायचं असं विचाराल, तर मी पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या मृत्यूंवर विसंबेन. तो मोजायला तुलनेने सोपा आहे आणि पाणी, अन्न, आईचं शिक्षण, दवाखान्याचं अंतर असं सगळं त्यात उतरतं.

जमलं तर एक काम करा. आजोबांच्या गावच्या ग्रामसेवकांना विनंती करून गेल्या पाच वर्षांतल्या मृत्यूंची फक्त वयं आणि कारणं लिहून घ्या, नावं नकोत. मग आशाताईंना विचारा की या काळात गावात किती बाळं गेली, आणि तो आकडा वहीशी ताडून बघा. तालुक्याच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या पाड्याचंही असंच करता आलं तर फारच छान. वयोगट पाडताना अडलात तर आकडे इथे टाका, मी बसून तक्ता करून देईन.